अंतरपाटापर्यंतची कॅसेट

चुलबंद नदीकाठच्या एका गावात काशिराम कापगते नावाचा शूटिंगवाला राहत असे. खांद्यावर जड कॅमेरा घेऊन त्याने पंचक्रोशीतली लग्नं टिपली होती. त्या काळी लग्नाची कॅसेट कुणी एकट्याने बघत नसे. अंगणात टीव्ही मांडला जाई, पोत्यांवर गल्ली बसे. नाचता नाचता नवरदेवाचा मामा पडला, की मागून कुणीतरी म्हणे, "काशिरामभाऊ, मागे घ्या." काशिराम कॅसेट मागे घेई. मामा पुन्हा पडे.

पुढे अंगणं रिकामी झाली. काशिरामच्या लोखंडी पेटीतल्या नव्वद कॅसेटींना बुरशी लागली. त्यांतली निम्मी माणसं आता फक्त त्या फितींमध्येच उरली होती. एकेक कॅसेट फार तर एकदा चालली असती. तेवढ्यात ती कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची, असं त्याची मुलगी पौर्णिमा हिने ठरवलं. ती लग्नांचे व्हिडिओ एडिट करी आणि फावल्या वेळात मैत्रिणींबरोबर गेम खेळे. दोन्हींना पुरेल असा दणकट डेस्कटॉप घ्यायला ती भंडाऱ्याला गेली.

दुकानदार रफिकभाईंनी सारख्याच किमतीचे दोन डेस्कटॉप दाखवले. एक काळा, साधा, पण त्यात मेमरी भरपूर आणि दोन मोठ्या डिस्क. दुसरा काचेचा. त्यात रंगीत दिवे, दुकानातलं सगळ्यात भारी ग्राफिक्स कार्ड, आणि डिस्क मात्र लहान.

"बेटी, कॅसेटी किती आहेत?"

"नव्वद."

"मग काळा ने. गेम यातही चालतील, थोडे कमी झोकात. बँड भारी आणि मांडवात बसायला जागा नाही, असं लग्न काय कामाचं?"

पौर्णिमा हसली. मैत्रिणी काळ्याला पिठाचा डबा म्हणतील, हे तिला ठाऊक होतं. "जागा नंतर वाढवता येते, चाचा," असं म्हणून ती काचेचा घेऊन आली.

अर्धी डिस्क गेमनीच व्यापली. उरलेल्या जागेत ती रोज कॅसेटी उतरवू लागली. शेजारच्या गीताबाईंना त्यांचे वडील पंगतीत जिलबी वाढताना दिसले. त्या पदराने डोळे पुसत घरी गेल्या.

गिऱ्हाइकाचं काम आधी, घरचं शेवटी, ही काशिरामची जन्माची सवय. त्यामुळे त्याच्या स्वतःच्या लग्नाची कॅसेट पेटीच्या तळाशी राहिली. ती त्याच्या उस्तादांनी काढली होती. पौर्णिमा दोन वर्षांची असताना तिची आई गेली, आणि त्यानंतर काशिरामने ती कॅसेट कधी लावली नव्हती. घरात आईचा एकच फोटो होता. त्यातही तिची मान खाली होती.

शेवटी त्या कॅसेटची पाळी आली. जागा थोडीच उरली होती. एखादा गेम पुसावा, असं पौर्णिमाच्या मनात आलं. पण संध्याकाळी मैत्रिणींशी सामना ठरला होता. एक कॅसेट मावेल, असं तिने स्वतःला समजावलं. आईला पहिल्यांदा बाबांबरोबरच बघायचं, म्हणून तिने कॉम्प्युटरचा पडदा बंद ठेवला आणि कॅसेट सुरू केली. कॅसेट शेवटपर्यंत फिरली आणि यंत्रातून बाहेर आली ती चिंध्या होऊन.

दुसऱ्या दिवशी तिने अंगणात पोती अंथरली, टीव्ही मांडला, गल्लीला बोलावलं. पडद्यावर वरात आली. तरणा काशिराम घोड्यावर अवघडून बसलेला पाहून सगळे हसले. मग बोहलं आलं. अंतरपाट धरला गेला, मंगलाष्टकं सुरू झाली. कापडापलीकडे हिरव्या बांगड्यांचे दोन हात हार धरून थांबले होते.

आणि चित्र तिथेच थांबलं. डिस्क तिथे भरली होती.

जुन्या सवयीने मागून कुणीतरी म्हणालं, "पोरी, पुढे घे."

पुढे काहीच नव्हतं. काशिराम त्या दोन हातांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मला ती आठवते गं. तुला दिसायला हवी होती."

त्याच दिवशी पौर्णिमाने सगळे गेम पुसून टाकले. जागा भरपूर झाली. उतरवायला मात्र काही उरलं नव्हतं.

तात्पर्य: साधन निवडताना त्याची झगमग पाहू नये. आपल्याला काय जपायचं आहे ते ओळखावं, आणि पहिली जागा त्याला द्यावी.