निंबोळीमामाचा वास

फार पूर्वी झाडं बोलायची आणि माझ्यासारखी माणसं गप्प बसायची, म्हणून जग सुखात होतं. तेव्हा मिरचीच्या कोवळ्या रोपाला मावा चिकटला. रस शोषून त्या किड्यांनी पानं पार मुरडून टाकली.

"निंबोळीमामा, वाचवा, जीव चाललाय!" रोप रडलं.

"आलो असतो बाळा," निंबोळीचं तेल म्हणालं, "पण पाणी मला पोटात घेत नाही, वर ढकलतं. वास तर असा, की बाटलीसुद्धा मला बूच लावून गप्प बसवते!"

"रडगाणं पुरे, मामा. मी फेस करून तुम्हा दोघांना मिसळतो," रिठा म्हणाला.

संध्याकाळी तिघं फवाऱ्यातून पानांखाली शिरले. मावा टपाटप गळू लागला.

"शी! काय हा वास!" उरलेले किडे ओरडले.

"मलाही सोसवत नाही रे," तेल म्हणालं, "पण मला स्वतःला सोडून जाता येत नाही. तुमचं तसं नाही. निघा!"