सगुणाबाईची कांडी

भक्तहो, कोंडाजी महाराज त्या साली विणकरांच्या रुईवाडीत मुक्कामाला होते. देवीच्या ओसरीवर त्यांची घोंगडी असे, आणि सगुणाबाई रोज सकाळी तिथे अर्धी भाकरी ठेवून जाई.

सगुणाबाई विधवा कोष्टीण. तापातून उठल्यापासून तिचे हात कापत. म्हणून मागांचे मालक मल्हारशेट यांनी तिला कामावरून उठवले आणि तिच्या जागी तिच्या आठ वर्षांच्या लेकीला, गोदीला बसवले. लहान बोटे भराभर चालतात आणि लहान पोरे मजुरीवर बोलत नाहीत, हे शेटजींचे शहाणपण! दिवसभर गोदी मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात बसवायच्या कांड्यांवर सूत भरी. तिच्या चिरलेल्या बोटांना तेल लावताना आईचा जीव तुटे, पण घरची चूल तेवढ्यावरच पेटत होती.

घटस्थापनेला देवीला शेला पांघरायचा होता. आदल्या दिवशी तो अर्धाच झालेला, आणि गोदी तापाने फणफणली. सगुणाबाई शेटजींकडे धावली. "शेटजी, आज मी भरते कांड्या. पोरीला निजू द्या."

शेटजी हसले. "तू? आधी पाण्याचा पेला धरून दाखव! लेकीच्या जिवावर बसून खायची सवय लागलीय तुला. पाठव तिला, नाहीतर उद्यापासून दुसरी पोर बघतो."

ती रडत ओसरीवर आली. महाराज म्हणाले, "माय, एकच कांडी भर. चल, मी येतो संगं."

महाराज तिच्याशेजारी बसले. सूत दहादा तुटले, दहादा तिने गाठ मारली. सारे विणकर खुसुखुसू हसत होते. वेडीवाकडी कांडी एकदाची भरली. शेटजींनी चेष्टेने ती स्वतःच धोट्यात घातली आणि विणू लागले.

वीतभर शेला झाला, कांडी भरलेलीच. हातभर झाला, तरी भरलेलीच! काय सांगावे ते नवल! शेटजींचे हसू मावळले, मग कपाळाला घाम आला. दिवेलागणीला शेला पुरा झाला, तरी कांडीवरचे सूत तसूभर कमी नव्हते.

शेटजी महाराजांच्या पायांवर कोसळले. महाराज पाय मागे घेत म्हणाले, "बसून खाते म्हणालास ना? अरे, ती काम करत होती. उठवलंस तू!"

शेटजींनी सगुणाबाईच्या कापऱ्या हातांवर कपाळ टेकले. "बाई, तुमची जागा तुमचीच."

पुढे तिच्या कांड्या इतरांसारख्याच संपत. चार कमीच भरत, पण शेटजींनी कधी मोजल्या नाहीत. गोदी ओसरीवर महाराजांपुढे धुळाक्षरे गिरवी आणि मधूनच सागरगोटे खेळायला पळे. महाराज तिला मागे बोलवत नसत.