तान्हूबाईची मोडलेली कडी

खाडीवर पूल नव्हता तेव्हाची ही गोष्ट. पूल बांधणारेही म्हातारे होऊन गेले, म्हणजे किती वर्षं झाली ते तुम्हीच बघा.

कारवणे गावात तान्हूबाई लोहारीण होती. नवरा गेल्यावर भाता आणि घण दोन्ही तिनंच धरले. शंभर कड्यांची साखळी घडवली की एक कडी जास्तीची करायची, ती गिऱ्हाइकासमोर मोडायची आणि आतला रवा, म्हणजे लोखंडाचे दाणे, दाखवायची. रवा बारीक निघाला तर साखळी द्यायची, जाड निघाला तर सगळी परत भट्टीत. लोखंड फार तापलं की रवा जाड होतो, रव्यांच्या फटींत मळ बसतो आणि खारं पाणी त्याच फटी धरून आत शिरतं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. मोडून मोडून कळलं होतं.

खाडीवर होडी चालवणारा लखू तारी मात्र बिचकला. पाण्यात जाणारी नवी वस्तू मोडणं अशुभ, असं गाव मानायचं. त्यानं बंदरावरून गुळगुळीत साखळी आणली आणि खाडीच्या दोन्ही काठांना बांधली. तिला धरूनच होडी ये-जा करी.

तान्हूबाई ओहोटीला जाऊन कड्यांवर हातोडी वाजवून बघायची. दीड वर्षानं कड्यांचा खणखणीत आवाज बसला. वरून गंज नावालाच होता. साखळी आतून गेलीय असं तिनं सांगितलं, तर लखू हसला. "काकी, गिऱ्हाईक गेल्याचं दुखतंय तुला."

जत्रेच्या दिवशी होडीत चाळीस माणसं बसली, तान्ही पोरं धरून. ओहोटी समुद्राकडे ओढत होती. साखळी तुटली तर होडी थेट खडकांवर. तान्हूबाई घण घेऊन काठावर आली.

"उतरा सगळे. एका घावात तुटली नाही, तर माझी ऐरण खाडीत टाकीन आणि पुन्हा भट्टी पेटवणार नाही."

"आणि तुटली तर?" लखूनं विचारलं.

"तर तू जिवंत आहेस."

माणसं काठावर उतरली, तिनं एकच घाव घातला आणि कडी गुळाच्या ढेपेसारखी फुटली. आत जाड रवा, आणि रव्यारव्यामध्ये काळी रेघ.

असं म्हणतात, की घण नव्हताच, तिनं नुसती फुंकर मारली. असंही म्हणतात, की तिनं बघितलं आणि कडी तुटली. लोकांना बाईच्या हातापेक्षा बाईचा चमत्कार मानणं सोपं जातं. घण होता. सात शेराचा.

मग तिची साखळी लागली, ती पूल होईपर्यंत. काढली तेव्हा कड्यांवर कालवं चढली होती, पण ठोकल्यावर देवळातल्या घंटेसारखी वाजली आणि पलीकडच्या गावात ऐकू गेली, असं म्हणतात. एवढं मात्र खोटं नसावं.

अजूनही कारवण्यात नवी होडी पाण्यात घालताना, नारळ फोडायच्या आधी नांगराच्या साखळीची एक कडी मोडतात. तुकडा गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईच्या तळहातावर ठेवतात. ती "जाऊ दे" म्हणेपर्यंत नारळ हातातच राहतो, मालक कितीही मोठा असो.

गेल्या नारळी पुनवेला दोन साखळ्या परत गेल्या.