राणीच्या जिभेखालचा मोती

एका राज्यात, जिथल्या नद्या दुपारी घटकाभर डोळा लावत आणि मग पुन्हा वाहू लागत, मंजिष्ठा नावाची राणी होती. तरुण होती, शिकलेली होती, आणि एकुलत्या एक लेकीच्या, शेवंतीच्या, काळजीनं अर्धी झाली होती. मुलं कशी वाढवावीत यावर राजग्रंथालयात होत्या तेवढ्या पोथ्या तिनं वाचल्या होत्या. एकीत लिहिलं होतं, मुलांना डोळ्यांत तेल घालून जपावं. दुसरीत लिहिलं होतं, मुळीच जपू नये. राणीला दोन्ही पटल्या. म्हणून ती लेकीला जपायची, आणि मग आपण फार जपतो म्हणून हळहळायची.

शेवंती पाच वर्षांची झाली तेव्हा वाढदिवसाच्या जेवणाला चेटकीण वज्रमुखी आली. ही थोरल्या शाळेची द्वारपालीण. तिनं राजकन्येला मांडीवर घेतलं आणि विचारलं, “नाव काय गं तुझं?”

“शेवंती,” राणी म्हणाली.

“काय आवडतं तुला?”

“शिरा. केळं घातलेला,” राणी म्हणाली.

“आणि भीती कशाची वाटते?”

“छे हो, कशाचीच नाही. भारी धीट आहे ती!”

वज्रमुखीनं हातातली वाटी खाली ठेवली. “राणी, मी तुला विचारलं नव्हतं. हिची उत्तरं तुलाच हवीत ना? मग घे. आजच्या या प्रश्नांपासून पुढे परक्यानं काही विचारलं, की हिचं उत्तर ओठांवर येण्याआधीच त्याचा मोती होईल, आणि तो मोती तुझ्या पेटीत पडेल.”

तसंच झालं. कुणी विचारलं की शेवंतीचे ओठ मिटत, आणि राणीच्या महालातल्या शिसवी पेटीत टपकन मोती पडे. मोती टपोरे, पाणीदार. पण विकायला काढले की काळवंडत आणि ओवायला घेतले की दोरा तुटे. लोक म्हणत, राजकन्या किती गुणी, उलट शब्द नाही तोंडात. घरात मात्र तिच्या बोलण्याला खळ नसे. धाकट्या शाळेतही तिचं निभावून गेलं, कारण तिथं सगळ्या विद्या एकच गुरुजी शिकवीत, आणि ते आता घरच्यासारखे झाले होते.

पण राज्याचा नियम असा, की मूल बारा वर्षांचं झालं की त्यानं टेकडीपलीकडच्या थोरल्या शाळेत जावं, मग ते कुंभाराचं असो की राजाचं. दारात वज्रमुखी प्रश्न विचारी. पहिल्या घंटेआधी ज्यानं आपल्या तोंडानं उत्तरं दिली, त्याला दार उघडे. ज्यानं दिली नाहीत, त्याला ती शाळा पुन्हा कधी दिसतच नसे. टेकडी ओलांडली की नुसतं गवत.

शेवंतीला बारावं सरलं. राणीचं जेवण तुटलं. शेवटी तिनं महालातल्या साळुंकीला बोलावलं. “जा, वज्रमुखीला विचारून ये, शापाला उतारा काय.”

साळुंकी गेली आणि आली. “निरोप असा. कामं तीन. दप्तर राजकन्येनं निवडावं. वाट राजकन्येनं काढावी. दारात उत्तर राजकन्येनं द्यावं.”

“आणि मी काय करू?”

“दर कामाला पेटीतला एक मोती जिभेखाली धरायचा आणि गप्प राहायचं. मोती तोंडाबाहेर पडला की काम फुकट.”

“एवढंच?”

“एवढंच. सांगताना वज्रमुखी पोट धरून हसत होती.”

राजा विडा लावत बसला होता. तो म्हणाला, “गप्प राहायचं? हे काम मला दिलं असतं, तर मी बसल्या जागी केलं असतं.”

“तुम्ही सगळंच बसल्या जागी करता,” राणी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मायलेकी बाजारात गेल्या, साळुंकी खांद्यावर आणि पेटीतले मूठभर मोती राणीच्या कनवटीला. कोळ्यांच्या जाळ्यांतून दप्तरं विणणारी एक म्हातारी होती. तिनं विचारलं, “कुठलं देऊ गं, सोनुले?”

शेवंती दप्तरं न्याहाळू लागली. राणीला निळं दप्तर दिसलं, जरीकाठी, टिकाऊ.

“ते निळं...” राणी म्हणाली, आणि मोती घरंगळत गटारात गेला.

पेटीत मोत्यांना काय तोटा! राणीनं दुसरा घेतला. तो खोकल्याबरोबर उडाला. तिसरा “अगं पण” म्हणताना गेला. राणीला स्वतःचीच लाज वाटली. राज्यकारभारात ती अशी नव्हती. चौथ्या वेळी तिनं पदराचा बोळा तोंडाशी धरला आणि दुकानाकडे पाठ केली. मागे म्हातारी एकेक दप्तर उचलून दाखवीत राहिली. मग बारीकसा, गंजलेल्या कडीसारखा आवाज आला.

“ते... राखाडी.”

“ते कुरकुरतं हो,” म्हातारी म्हणाली. “जड झालं की कण्हायला लागतं.”

“म्हणूनच. सगळी ओझी रोज न्यायची नसतात, हे मला कुणीतरी सांगायला हवं.”

राणीच्या जिभेखालचा मोती विरघळला. आंबट लागला. आणि राणीच्या कानात पाच वर्षांच्या शेवंतीचा आवाज उमटला: “मला शिरा नाही आवडत. मला कैरी आवडते, तिखटमीठ लावून.”

राणी दुकानाच्या पायरीवर बसली. सात वर्षं दर वाढदिवसाला शिरा झाला होता, आणि तिला कुणी विचारलंच नव्हतं.

दुसरं काम वाटेचं. टेकडीच्या रानात झाडं आपल्या मर्जीनं जागा बदलीत, त्यामुळे कालची वाट आज नसे. शेवंती पुढे, राणी मागे. राणी त्याच शाळेत शिकलेली. शेवंतीनं डावीकडची वाट धरली तेव्हाच तिला कळलं की पुढे दलदल आहे; झाडं हलली तरी ती हलत नसे. तिनं दात आवळले. शेवंतीचा एक पाय घोट्यापर्यंत गेला, मग दुसरा गुडघ्यापर्यंत.

“आई, ही वाट चुकली का गं?”

मोती राणीच्या ओठांपर्यंत आला. तिनं तो आत ओढला, आणि डोळ्यांतलं पाणी तसंच वाहू दिलं. लेक छातीपर्यंत रुतली, तर मोती गेला खड्ड्यात, आपण उडी घालायची, हे तिनं मनाशी ठरवून टाकलं आणि पदर खोचून घेतला. तेवढ्यानंच तिला उभं राहवलं.

शेवंतीनं आईकडे पाहिलं, मग इकडेतिकडे पाहिलं. काठावर एक बगळा ध्यान लावून उभा होता. तिनं दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. मग म्हणाली, “बगळेबुवा, थोरल्या शाळेची वाट कुठली?”

बगळ्यानं डोळा उघडला. “विचारायला उशीर केलास. चिखलात शिरण्याआधी विचारायचं असतं.”

“बरं. पुढच्या वेळी आधी विचारीन. आता सांगा.”

“लव्हाळ्याला धर, बाहेर ये, आणि चिंचेच्या मागोमाग जा. ती आज तिकडेच निघाली आहे.”

चिंच खरंच निघाली होती. तिच्या मागून चालताना राणीच्या जिभेखालचा दुसरा मोती विरघळला. हा होता राजवैद्यांनी विचारलेल्या प्रश्नाचा, की राजकन्येला खेळायला कोण लागतं. राणीनं सांगितलं होतं, पुष्कळ मैत्रिणी लागतात. मोती म्हणाला, “एक पुरे. पण ती माझी मी शोधीन.”

तिसरं काम शाळा उघडण्याच्या सकाळी. दार एवढं उंच, की त्याच्या कमानीत ढग अडकले होते. शेवंतीनं राखाडी दप्तर पाठीला लावलं होतं आणि ते अजून गप्प होतं. आत घंटेचा दोर हलू लागला होता. आज दुसरा मोती घेऊन पुन्हा उभं राहण्याची सोय नव्हती.

वज्रमुखी उंबऱ्यावर बसली होती. “नाव काय गं तुझं?”

“शेवंती.”

“काय आवडतं तुला?”

“कैरी. आणि कुरकुरणारी दप्तरं.”

“आणि भीती कशाची वाटते?”

राणीच्या घशात शब्द तयार होते: कशाचीच नाही हो, धीट आहे. तिनं मुठी आवळल्या. घंटेचा दोर ताणला गेला. शेवंतीनं खाली पाहिलं.

“धाकट्या शाळेत एकच गुरुजी होते,” ती म्हणाली. “इथं दर विद्येला गुरू वेगळा, दालन वेगळं. मी भलत्याच दालनात शिरले, तर सगळे माना वळवून बघतील, आणि हसतील. त्याची वाटते. खूप वाटते.”

“मग काय करशील?”

“विचारीन. आत शिरण्याआधीच.”

दार उघडलं. कुरकुरलं नाही, गरजलं नाही, उघडलं. वज्रमुखी राणीकडे वळली. “आणि राणी, तुला भीती वाटते का?”

साळुंकी पंख झाडून म्हणाली, “हिला? हिला तर...”

शेवंतीनं तिची चोच दोन बोटांत धरली. “थांब गं. तिचं तिला बोलू दे.”

राणीच्या जिभेखालचा मोती विरघळला; त्यात काहीच आवाज नव्हता, कारण भीतीचं ते उत्तर शेवंतीनं नुकतंच स्वतः दिलं होतं. राणी म्हणाली, “हो. वाटते. पण दलदलीपाशी वाटली होती तेवढी नाही.”

“मग जा घरी,” वज्रमुखी म्हणाली, आणि घंटा झाली.

राणी महालात आली तेव्हा शिसवी पेटीतून गलका ऐकू येत होता. एकेक मोती फुटत होता आणि शेवंतीचे जुने शब्द खिडकीतून बाहेर उडत होते: गवळ्याला, शिंप्याला, अत्तरवाल्याला, ज्यांनी ज्यांनी कधी काही विचारलं होतं त्यांच्याकडे. गवळी दूध घालता घालता थबकला आणि उगाचच हसला. सूर्य कलेपर्यंत पेटी रिकामी झाली.

संध्याकाळी शेवंती परतली. दप्तर कण्हत होतं. राणीनं विचारलं, “कसा गेला दिवस?”

“ठीक,” शेवंती म्हणाली.

राणीच्या ओठांवर पुढचे सगळे प्रश्न रांगेत उभे होते. तिनं ते तसेच उभे ठेवले आणि तिखटमीठ लावलेल्या कैरीच्या फोडी पुढे सरकवल्या. शेवंतीनं एक खाल्ली. दुसरी खाल्ली. तिसरी हातात धरून म्हणाली, “आई, गणिताचं दालन आज जिन्याखाली होतं. मी एका मुलीला विचारलं, तर तिलाही माहीत नव्हतं! मग आम्ही दोघींनी मिळून...”

दिवे लागले तरी ती बोलत होती. राजा विडा विसरून ऐकत बसला. त्या दिवसापासून शिसवी पेटीत कैऱ्या ठेवू लागले, आणि राज्यातल्या सुगंधांत त्या पेटीचा वास नामांकित झाला.

कथा इथवरच. पुढचं साळुंकीला सांगायचं असतं, पण तिला आता कुणी विचारत नाही. सगळे शेवंतीलाच विचारतात.