दारातला पूल

“एक आकडा सांगा, नाना. टिकतो किती वर्षं?”

“काय टिकतो?”

“लेआउट. घरातल्या आगगाडीचा. मघापासून तेच तर विचारतोय.”

“पसारा म्हण की.”

हसबनीसांनी कप खाली ठेवला. बारा वर्षं ज्याच्यापायी कंबर मोडून घेतली त्याला पसारा म्हणायचं? दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर त्याला चहाही न पाजता वाटेला लावला असता. पण समोर नाना होते, आणि चहाही नानांचाच होता.

नाना अष्टपुत्रे म्हणजे मिरजेच्या शाळेतले निवृत्त चित्रकला शिक्षक. चौऱ्यांशीचे झाले होते. लग्न केलं नाही. उभा जन्म हातभर लांबीच्या आगगाड्यांत काढला. घर सतारी करणाऱ्यांच्या शेजारी, त्यामुळे टाकाऊ भोपळे फुकट मिळायचे. भोपळा उभा चिरून, वर माती थापून नाना त्याचा बोगदा करायचे. गाडी त्या बोगद्यात शिरली की गल्लीभर षड्ज घुमायचा आणि समोरचे कारागीर त्यावर तारा जुळवून घ्यायचे म्हणे. मालगाडी असली तर खर्जातला षड्ज. ज्याला थाप वाटेल त्याने मिरजेत जाऊन खुशाल विचारावं. कुणी नाही म्हणणार नाही. पाहुण्याचं मन मोडायची तिथं पद्धत नाही.

सांगली-मिरजेकडे या नादाची जी मूठभर माणसं होती, ती सगळी नानांची चेलेमंडळी. आणि त्यांच्यात एक रीत होती. लेआउट पुरा झाला की शेवटचा खिळा गुरूने ठोकायचा. तोवर तो कच्चा.

बांधकाम खात्यात पूल बांधून निवृत्त झालेल्या दिनकर हसबनीसांचा लेआउट बारा वर्षं कच्चा होता. कारण नाना येतच नव्हते. बोलवायला गेलं की म्हणायचे, “येऊ की. पळून चाललाय का तो?”

“परदेशातल्या मासिकात वाचलं मी,” हसबनीस म्हणाले. “तिकडे म्हणे दहा वर्षांच्या आत मोडतात लोक. घर बदलतं, नाहीतर मन उडतं. माझ्याला बारा झाली, नाना. एक रूळ हललेला नाही. मी बांधलेल्या पुलांवरून अजून एसट्या जातायत, तिथं हा तर घरातला.”

“छान.”

“तुमचा सगळ्यात जास्त टिकलेला कुठला?”

नानांनी बशीतला चहा फुंकला.

“पहिला बरा होता. मोठा होता. आक्का आली पोरांना घेऊन, खाट टाकायला जागा नव्हती… काढला.”

“आणि मग?”

“मग माडीवर मांडला. महापुराच्या साली नदीकाठची दोन बिऱ्हाडं आली राहायला. म्हातारी होती त्यांच्यात एक. रुळांवर पापड वाळत घालायची. चांगले वाळायचे.”

“म्हणजे तोही गेला.”

“गेला. त्यानंतरचा तर पुरा झाला.”

“मग तो का मोडला?”

“सांगितलं की… पुरा झाला.”

हसबनीसांनी खोलीत नजर टाकली. भिंतीला टेकून एक फळी, तिच्यावर वीतभर वळण, एक अर्धा बोगदा. एवढंच. जन्मभराच्या तपश्चर्येचं फळ म्हणजे एक फळी, आणि तीही रात्री खाट टाकायची म्हणून उभी केलेली. त्यांना गुरूची कीव आली. कीव आली की माणूस जरा सैल होतो. हसबनीस खुर्चीत मागे रेलले.

“सुलभा कशी आहे?” नानांनी विचारलं.

“बरी आहे. कोल्हापुरात आहे, ऋताकडे. गुडघ्याचं ऑपरेशन झालं ना… दिवाळीत.”

“आता श्रावण चाललाय.”

“हो. लेकीचं घर तळमजल्यावर आहे. बरं पडतं तिला. फोन करते रोज, दिवेलागणीला.”

“येते कधी?”

“येईल की. मी काही धरून ठेवलंय?”

नाना हसले नाहीत. बशी खाली ठेवली, खुंटीवरची कापडी पिशवी काढली. आत हातोडी वाजली.

“चल.”

“कुठं?”

“खिळा ठोकू.”

मिरज ते सांगली हा रस्ता हसबनीसांनी उभ्या आयुष्यात हजारदा केला असेल, पण त्या दिवशी रिक्षाला एकही खड्डा लागला नाही. खड्डे होतेच. हसबनीस जमिनीवर नव्हते. गुरू शेजारी बसलेले, मांडीवर पिशवी, पिशवीत हातोडी. बारा वर्षांचा कच्चेपणा आज संपणार होता. त्यांनी रिक्षावाल्यालाही सांगून टाकलं, “आज आमच्याकडे मुहूर्त आहे.” त्याने आरशातून विचारलं, “लगीन का काय?” हसबनीस म्हणाले, “त्याहून पक्कं.”

घर उघडलं. बंद घराचा वास आला. ओट्यावर एक कप उपडा होता. मांडणीवरचे बाकीचे कप जागच्या जागी, त्यांच्यावर धुळीची साय.

“इकडे, नाना. पॅसेजमधून सरळ.”

आगगाडीची खोली शेवटची. खोलीभर चारी भिंतींना लागून डोंगर, शेतं, घाट, स्टेशनं, आणि दाराच्या आत लगेच आडव्या आलेल्या घाटापलीकडे, मधल्या मोकळ्या जागेत, हसबनीसांची खुर्ची. रूळ खोलीला पुरा वेढा घालायचे. आणि वेढा घालायचा म्हणजे दार ओलांडणं आलं.

दारात, कमरेच्या उंचीवर, या चौकटीपासून त्या चौकटीपर्यंत एक सागवानी फळी होती. फळीवर रूळ, रुळांच्या दोन्ही बाजूंना पुलाचे कठडे, बारीक लोखंडी काम. देखणा पूल.

“इथं आधी उचलायची फळी होती,” हसबनीस म्हणाले. “बिजागरीवरची. जायचं यायचं झालं की उचलायची. पण सांध्यावर इंजिनाला धक्का बसायचा. बारीकसा. खट्ट. पुलावर खट्ट ऐकलं की मला जेवण जायचं नाही. म्हणून बिजागरी काढून टाकली आणि अखंड फळी बसवली. आता ऐका, आवाजसुद्धा येणार नाही.”

“मग आत कसं जायचं?”

“वाकून.”

आणि हसबनीस वाकले, फळीखालून सफाईने आत गेले, पलीकडे ताठ उभे राहिले. सहासष्टाव्या वर्षी. चेहऱ्यावर असा भाव, की कोयना पोहून आलेत.

नानांनी फळीकडे पाहिलं. मग स्वतःच्या गुडघ्यांकडे.

“मला नाही जमायचं, दिनकर.”

हसबनीसांचा चेहरा पडला. गुरू दारात, शिष्य आत, आणि मधे शिष्याचाच पूल. बारा वर्षांत ही अडचण त्यांच्या ध्यानातच आली नव्हती. चौकटीला टेकून पॅसेजमध्ये एक स्टूल होतं. त्याच्यावर जुन्या लुगड्याची शिवलेली उशी.

“हे कुणाचं?”

“सुलभाचं. चहा घेऊन यायची संध्याकाळी. तिला वाकता येत नव्हतं ना, गुडघ्यामुळे… मग कप फळीवरून द्यायची आणि तिथं बसायची.”

“किती वेळ?”

“चहा संपेपर्यंत.” हसबनीसांनी एका झाडाची फांदी उगाच नीट केली. “म्हणजे… नंतरही कधीकधी. मी पाठमोरा असायचो. उठून कधी जायची ते कळायचं नाही.”

नाना स्टुलावर बसले.

हसबनीसांनी गाडी सोडली. इंजिन निघालं, मागे सात निळे डबे. हसबनीस बोलू लागले. हा घाट, तो कसा कोरला. हे स्टेशन, त्याच्या छपराची कौलं एकेक करून चिकटवलेली. फलाटावर कंदीलवाला आहे, त्याच्या कंदिलात खरोखरीचा दिवा लागतो. पुलावरून गाडी गेली. आवाज आला नाही.

“दिसतंय ना, नाना?”

“हं.”

“कंदील बघितलात?”

“दिनकर, टोपी आहे का रे एखादी?”

“टोपी?” हसबनीस चक्रावले. “गार्डाची आहे. गाडी चालवताना घालतो मी.”

“ती खुर्चीच्या पाठीवर अडकव. आणि बाहेर ये.”

“गाडी थांबवू?”

“चालू दे.”

गुरूची आज्ञा. हसबनीसांनी टोपी खुर्चीला अडकवली आणि फळीखालून बाहेर आले. नाना उठून उभे राहिले होते.

“बस.”

“नाना, मला पाठ आहे सगळं. मीच तर बांध…”

“बस रे.”

हसबनीस बायकोच्या स्टुलावर बसले.

बारा वर्षांत ते तिथं कधी बसले नव्हते.

समोर घाट होता, पण घाटाची पाठ. गोणपाटाचे तुकडे, त्यावर प्लास्टरचे फराटे, मधून डोकावणारा वर्तमानपत्राचा लगदा. रंग नाही. या बाजूने कोण बघणार म्हणून रंग दिलाच नव्हता. लोंबणाऱ्या वायरी. स्टेशन दिसत नव्हतं. शेतं, फलाट, यातलं काही नाही. कंदील डोंगराआड.

आणि डोंगराच्या वर, पलीकडे तोंड करून, टोपी.

गाडी आली. नाकासमोरून, वितीच्या अंतरावरून, खिडक्या खिडक्या खिडक्या… आणि गेली. मग काही नाही. बराच वेळ काही नाही. कुठंतरी लांब, दिसत नव्हतं अशा ठिकाणी, ती घाट चढत असावी.

पुन्हा आली. गेली.

हसबनीसांच्या तोंडून हाक निघाली नाही, पण निघाल्यासारखी वाटली. ते वाट बघत राहिले.

टोपी वळली नाही.

नाना भिंतीला टेकून उभे होते. पॅसेजमध्ये अंधारून आलं होतं.

फोन वाजला.

“अहो, जेवायचं काय केलंत?”

“खिचडी लावीन.”

“हिंग डब्यात नसेल. फडताळात बघा, मागे.” मग जरा थांबून, रोजच्यासारखं, “गाडी चालू आहे ना?”

“चालू आहे.”

“कुठनं बोलताय? आवाज वेगळा येतोय.”

“तुझ्या स्टुलावरून.”

गाडी पुलावरून गेली. आवाज आला नाही. फोनमधूनही आला नाही.

“तिथनं काही दिसत नाही हो,” सुलभाबाई म्हणाल्या. “उठा. मागच्या दाराचं वारं लागतं तिथं, पाठ धरेल.”

“दिसतंय.”

“काय दिसतंय?”

पूल, कमानी, वजनं, ताण, यांबद्दल विचारलं असतं तर हसबनीस तासभर बोलू शकले असते.

“सुलभा…”

“अहो, ऋता हाक मारतेय. खिचडीला पाणी जास्त घाला.”

फोन कुणी आधी ठेवला ते कळलं नाही.

“गाडी थांबवून येतो,” हसबनीस म्हणाले, आणि वाकले. अर्धे आत गेले. आणि पाठीत कळ आली. रोज सफाईने जाणारा माणूस त्या दिवशी स्वतःच्या पुलाखाली अडकला. आत जाववेना, बाहेर येववेना. एक हात जमिनीवर टेकलेला, डोक्यावर सागवान.

वर पिशवी उघडल्याचा आवाज झाला. हातोडी बाहेर निघाली. शेवटच्या खिळ्यासाठी हसबनीसांनी फळीवर पेन्सिलीने बारीक फुली करून ठेवली होती. तिच्यावर खिळ्याचं टोक टेकल्याचं त्यांना खालून ऐकू आलं. बारा वर्षं त्या एवढ्याशा आवाजाची वाट पाहिली होती त्यांनी.

“नाना…”

“काय?”

“थांबा.”

“का रे?” नानांनी फळीवर बोटांनी टकटक केलं, कलिंगड पारखावं तसं. “सागवान आहे. हा एवढा एक ठोकला, की शंभर वर्षं कुणी हात लावायला येणार नाही.”