मुंगसाचा पूल

रानाला अजून नावही पडलं नव्हतं, तेव्हाची गोष्ट. ओढ्यावर पूल बांधायचं ठरलं. साळिंदर मोठं कारागीर होतं. ते म्हणालं, "आधी मी आखणी करतो. ती पुरी होईपर्यंत कुणी लुडबुड करायची नाही." आणि ते वाळूवर रेघा ओढत बसलं.

मुंगसाला धीर नव्हता. त्याने त्याच दिवशी ओढ्यावर एक बांबू आडवा टाकला आणि हाक दिली, "चालून बघा रे, काय चुकलं ते सांगा!"

ससा निघाला आणि धपकन पाण्यात पडला. "फार गुळगुळीत आहे!" तो ओरडला आणि त्यानेच बांबूला वेल गुंडाळला. कासव कुरकुरलं, "माझे पाय मावत नाहीत." मग तेच दुसरा बांबू ओढत घेऊन आलं. असं रोज कुणीतरी पडे आणि पूल थोडा सुधारे.

उन्हाळ्यात वणवा पेटला. सगळे पुलावरून पळत सुटले. साळिंदर मात्र मध्येच थबकलं. "अरे मुंगसा, ही गाठ साफ चुकलीय!"

"मग उद्या तुम्हीच बांधा, दादा! आत्ता पुढे सरका, मागे हरणं खोळंबलीत!"

वणवा ओढ्यापाशी विझला. सकाळी साळिंदर पुलावर बसून गाठ सोडत होतं, आणि ससा शेजारी उभा राहून त्याच्या चुका काढत होता.