न कापलेली पाने

कोकणात खाडीकाठच्या एका गावात बुनाजी नावाचा ज्यू तेलव्यापारी राहत असे. शनिवार सोडून रोज त्याचा घाणा चाले आणि घाण्याची कमाई पुस्तकांत जाई. तीही भलतीसलती पुस्तके नव्हेत. जुन्या काळच्या राब्बींमध्ये, म्हणजे ज्यू धर्मपंडितांमध्ये, सोडचिठ्ठीवरून जे वाद झाले, त्यांचे दुर्मिळ हिब्रू ग्रंथ तो जमवी. बगदाद-कोचीनहून येणाऱ्या गलबतांची तो माहेरवाशिणीची पाहावी तशी वाट पाही.

त्यातला एक ग्रंथ त्याला जिवापाड प्रिय होता. त्या काळी छापखान्यातून पुस्तक आले की घडीची पाने सुरीने कापून मोकळी करावी लागत. या ग्रंथाची पाने कोणी कापलीच नव्हती. असा कोरा ग्रंथ अवघ्या मुलखात नाही, असे तो आल्यागेल्याला सांगे, लांबूनच दाखवी आणि परत कपाटात ठेवी.

त्याच गावात मिलकाबाई होती. तिचा नवरा एडनला गेला, तिथून त्याने माणसाहाती सोडचिठ्ठी पाठवली आणि पुढे तो कुठे गेला ते कोणालाच कळले नाही. चिठ्ठीत आपल्या या गावाचे नाव लिहिताना एक अक्षर गळले होते. बोलताना सगळेच ते गाळत, पण लिहिण्यात गाळलेले चालते का? झाले, गावात दोन तट पडले. चिठ्ठी खोटी ठरली तर मिलकाबाई जन्मभर त्या हरवलेल्या माणसाची बायको. पेणच्या एका सुताराने तिला मागणी घातली होती. तो काही वर्षे थांबला, मग त्याने दुसरीकडे संसार मांडला. बुनाजी मात्र सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिराच्या, ओट्यावर बसून वादात रंगून जाई. दोन्ही बाजू त्याला तोंडपाठ होत्या.

पुढे कोचीनहून एक वृद्ध राब्बी आले. त्यांनी चिठ्ठी निरखून पाहिली. असाच तंटा पूर्वी झाला आहे, त्याचा निवाडा एका ग्रंथात आहे, पण तो ग्रंथ माझ्या पाहण्यात नाही, असे ते म्हणाले. त्यांनी ग्रंथाचे नाव घेतले; तो बुनाजीच्या कपाटातला न कापलेला ग्रंथच होता.

बुनाजी तसाच घरी येऊन कपाटासमोर बसून राहिला. सुरी लागली की ग्रंथाचा मान गेला. पण आपण इतकी वर्षे ज्या चिठ्ठीवर बोललो ती एका बाईची आहे, हे त्याच्या मनात आज पहिल्यांदा आले. तो उठला, ग्रंथ घेऊन राब्बींकडे गेला आणि स्वतःच्या हाताने त्याने पाने कापली.

निवाडा स्वच्छ होता. गावाचे नाव लोक उच्चारतात तसे लिहिले असेल, तर चिठ्ठी खरी. मिलकाबाई मोकळी झाली.

ती आभार मानायला बुनाजीच्या दारी आली. तिचे केस पिकू लागले होते.

"बुनाजीदादा, हा ग्रंथ आणलात कुठून?"

"घरातच होता."

"कधीपासून?"

बुनाजीने मान खाली घातली. "तुझी चिठ्ठी आली, त्याच्या आधीपासून."

मिलकाबाई पदर सावरून घरी गेली.

तात्पर्य: विद्या मिटून ठेवणाऱ्याचे काही जात नाही, जाते ते तिची वाट पाहणाऱ्याचे आयुष्य.